आगाऊ पोरींचा अल्बम

लाँड्री माझी. नवऱ्याच्या माघारी मी उभी केली, म्हणून मागची खोली कुणाला द्यायची हेही मीच ठरवते. नातीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना दिली, कारण दुसरं कुणी त्यांना दारात उभं करेना. बँडचं नाव 'आगाऊ'. एक गिटार बडवते, एक ड्रम बडवते, तिसरी नुसती किंचाळते. किंचाळणारी आमची. याला पंक म्हणतात म्हणे. शेजारचा टायरवाला कुरकुरला, तेव्हा मीच त्याला झापलं, "तुझी हातोडी काय सुरात वाजते का रे?"

मशीनच्या घरघरीतच त्यांना अल्बम रेकॉर्ड करायचा होता. माइक दिवसभर चालू. मी आपली नेहमीसारखी बोलत होते.

अल्बम निघाला तशी नात नाचतच आली. "आजी, नववं गाणं तुझं!"

मी हात पुसले, खुर्ची ओढली. सून हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होती. तिलाही म्हटलं, "ऐक गं, माझं गाणं लागतंय."

आधी ड्रम. मग मी. माझाच आवाज, सुनेवर तोंड सोडलेला. "हिला कामाला आणली, तर ही बसलीय डोळे गाळत!" आणि मागून त्या तिघी, "डोळे गाळत! डोळे गाळत!"

"हे काढ," मी म्हटलं.

"लोकांना हेच आवडलंय, आजी. उड्या मारतात यावर."

"काढ, नाहीतर खोली रिकामी कर."

"खोटं आहे का? रोज बोलतेस की."

"माझ्या सुनेला बोलते. गावाला ऐकवत नाही."

नातीने आईकडे पाहिलं. "आई, तू सांग. तू म्हणालीस तर काढते."

मी निर्धास्त होते. लग्न होऊन आल्यापासून या बाईने माझ्यापुढे कधी ब्र काढला नव्हता.

तिने इस्त्री उभी केली. "राहू दे," म्हणाली. "तेवढं एकच गाणं मला तोंडपाठ आहे."

ड्रमवाली फिदीफिदी हसली.

"मग उचला तुमचं चंबूगबाळं!" मी म्हटलं. वाटलं, नात गयावया करेल. ती वायरी गुंडाळायला लागली. मोठा ड्रम पोरींना उचलेना, तशी सून पुढे झाली, एक बाजू धरली आणि त्यांच्याबरोबर रस्त्याला लागली.

"चादरी कोण करणार?" मी दारातून ओरडले. तिने मान वळवली नाही.

मीच केल्या. एकीलाही सुरकुती नाही. हॉटेलचा माणूस आला, गठ्ठा उचलला आणि न बघताच गेला.