राजुरीच्या गाडीचं तेल

माझा स्वभाव तापट आहे, हे मंचरात सगळ्यांना ठाऊक आहे. काम कधी होईल असं गिऱ्हाइकानं विचारलं तर चालतं, पण काम कसं करायचं ते सांगायला लागला की माझं डोकं फिरतं. राजमहंमद मिस्त्रीच्या हातची मोटार बिघडून परत आली, असं तोवर झालं नव्हतं. हे त्रेपन्न सालचं सांगतोय. एस. टी. सुरू झाली होती, तरी लग्नाला, बाळंतिणीला, पुण्याच्या दवाखान्याला लोकांना खासगी मोटार लागायचीच. आमच्या पट्ट्यात अशा दहा-बारा मोटारी होत्या, त्यातल्या आठ माझ्याकडे यायच्या.

त्यातली एक राजुरीच्या सावळारामची. लढाईच्या आधीची लांबडी काळी गाडी, बसायची सात माणसं आणि बसवायचे चौदा. सावळाराम शेतकरी गडी. एका साली कांद्यानं हात दिला आणि त्यानं ती पुण्याहून उचलून आणली. चालवायला गावातलाच भागू ठेवला. भागू लष्करात ट्रक चालवून आलेला, हात हलका, गिअर कधी खरखरला नाही. दिवाळीनंतर मी त्या गाडीचं इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलल्या होत्या. या रिंगा झिजल्या की खालचं तेल वर चढतं, जळतं आणि मागून निळा धूर निघतो. मी आठ दिवस घालवून एकेक रिंग कानशीनं घासून बसवली होती. असं काम पुण्यातसुद्धा होत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

फाल्गुनात बाजाराच्या दिवशी ती गाडी धूर सोडत माझ्या दारात आली. सावळाराम उतरला तो तणतणतच.

"मिस्त्री, तुमीच न्याय करा. तेलाचा डबा महिना जायचा, आता आठ दिवसांत खडखडाट! ह्यो म्हणतो गाडी तेल खाती. मी म्हणतो ह्योच खातो. हिरीवरच्या इंजिनवाल्यांना इकतोय!"

भागूचं तोंड पांढरं पडलं होतं. "मालक, आईची आण. मी आता तेल वततच न्हाई. सकाळी तेल मोजायची काडी बघतो तर भरलेली असती. मला वाटायचं तुमीच वतताय."

"मी? मी त्या बॉनेटला हात तरी लावतो का?"

"मग धूर कशाचा निघतोय?" भागू माझ्याकडं वळला. "मिस्त्री, राग मानू नका. रिंगा कच्च्या बसल्यात तुमच्या."

झालं! बाजाराची माणसं गोळा झालेली, चहावाला किटली हातात धरून उभा, आणि हा डायव्हर माझ्या रिंगांना कच्च्या म्हणतो. मी बॉनेट उघडलं, तेलाची काडी ओढली, फडक्यानं पुसली, परत घालून बाहेर काढली. तेल खुणेच्या वर दोन बोटं होतं.

आता हे नीट ऐका. तेल चोरणारा माणूस तेल काढून घेतो, वर दोन बोटं जास्त भरून ठेवत नाही. आणि जास्त भरलं की चांगलं इंजिनसुद्धा तेल वर फेकतं, जाळतं, धूर सोडतं. म्हणजे भागूनं चोरलं नव्हतं आणि माझ्या रिंगाही कच्च्या नव्हत्या. तिसरंच कुणीतरी तेल ओतत होतं. हे सगळं मला त्या क्षणी, काडी हातात असताना कळलं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पण माझं पित्त खवळलं होतं. मी काडी पुसून जागेवर घातली आणि मोठ्यानं म्हणालो, "माझं इंजिन तेल खात न्हाई. तेल कुठं जातं ते ज्याचं त्यानं बघावं."

एवढंच बोललो. पुरेसं होतं. सावळारामनं तिथंच भागूच्या हातातून किल्ली काढून घेतली. कुणीतरी "तेलचोर" म्हणून ओरडलं, माणसं हसली. भागू खाली मान घालून राजुरीच्या वाटेनं पायी चालू लागला. नंतर त्याच्या हातात कुणी स्टिअरिंग दिलं नाही. तेल इकणारा डायव्हर कोण ठेवणार?

तीन आठवड्यांनी सावळाराम परत आला. या खेपेला आवाज खाली होता. नवा डायव्हर ठेवला होता, तेलाचा डबा तरीही आठ दिवसांतच संपत होता.

"दोघंबी चोर कसं निघतील, मिस्त्री?"

मी दुकान बंद केलं आणि त्याच्याबरोबर राजुरीला मुक्कामाला गेलो.

पहाटे ओसरीवर पडल्या पडल्या मला पत्र्याचा आवाज आला. सावळारामची आई, साळुबाई, गाडीपाशी उभी होती. सत्तरीची म्हातारी, काठीसारखी ताठ. तिनं बॉनेट उचललं, तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि डब्यातलं पेलाभर तेल शांतपणे आत ओतलं. झाकण लावलं. हात पदराला नाही, फडक्याला पुसले.

मी उठून जवळ गेलो. "आजी, काय करताय?"

"वंगण देतीय. तू तोंड धू मिस्तरी, च्या टाकते."

"रोज देता?"

"मग! कोरडी गाडी दारातनं जाऊ देऊ व्हय? लगीन हून आले तवापास्नं माझंच काम हाय ह्ये. आदी बैलगाडीच्या आखाला देत व्हते, आता हिला देते. कुठनं वतायचं ते ह्या माघात भागूला बघून शिकले. वाटंत आख धरला म्हंजी माणसं मरत्यात, बाबा."

"घरात कुणाला सांगितलं न्हाई ते?"

"ह्यात सांगायचं काय? सडा टाकला तर गावाला सांगत बसते का मी?" मग तिनं इकडंतिकडं पाहून विचारलं, "आन् भागू का रं येत न्हाई? गुणाचं पोर व्हतं. माझ्या हातची भाकर खाऊन जायचं. आजारी हाय का?"

मी तोंड धुवायला गेलो.

सावळारामला मी गोठ्यामागं नेऊन सगळं सांगितलं. तो दगडावर बसला. म्हणाला, "भागूला का काढलं ते मी आईला सांगितलेलंच न्हाई. तिला ह्यातलं काय कळता कामा न्हाई. तिच्या हातानं एकाची भाकरी गेली, हे कळलं तर ती अन्नाला शिवायची न्हाई. मी वळखतो तिला." मला त्याचा राग आला, पण बोलायला माझंच तोंड नव्हतं. त्यानं निदान खरं समजून माणूस काढला होता. मी खरं माहीत असून काढू दिला होता.

साळुबाईला मी एवढंच सांगितलं, की आजी, ह्या गाडीचं वंगण मी महिन्याचं एकदम भरून देतो, तुम्ही त्रास घेऊ नका. ती म्हणाली, "एकदम? आन् पुरतं?" मी म्हणालो, पुरतं. तिला ते फारसं पटलं नाही, पण तिनं ऐकलं.

मग मी भागूकडं गेलो. तो गावाबाहेर एका विहिरीच्या खोदाईवर होता. दोरीला धरून वर आला. अंगभर पांढरी धूळ, तळहात सोललेले. मी म्हणालो, "चल, मालकानं परत बोलावलंय. तू तेल घेतलं न्हाईस, हे कळलंय आमाला."

"आमाला म्हंजी कुणाला?"

"मला आन् सावळारामला."

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "चोर म्हणालात ते भर बाजारात. आता न्हाई म्हणताय ते हिरीच्या कडंला. मिस्त्री, माझ्या पोरीची सोयरीक मोडली ह्याच्यापायी. बाजारात सांगा, तेल कुठं गेलं ते सांगा. नायतर मी खाली खडक फोडतोय त्येच बरं."

त्याचं चुकत नव्हतं. नुसतं "भागू चोर नाही" म्हणून भागणार नव्हतं. लोक पहिला प्रश्न विचारणार, मग तेल गेलं कुठं? त्याला उत्तरं दोनच होती. एक म्हातारीचं, एक माझं.

पुढच्या बाजाराला मी सावळाराम आणि भागू दोघांनाही बोलावून घेतलं. माणसं जमल्यावर मी चहाच्या बाकड्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "राजुरीच्या गाडीचं तेल भागूनं इकलं न्हाई. तेल जळत व्हतं. रिंगा मी कच्च्या घातल्या व्हत्या. चूक माझी हाय."

मग कुणीतरी म्हणालं, "आँ? राजमहंमद मिस्त्रीच्या रिंगा?" सावळाराम जमिनीकडं बघत होता. भागूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो एकेकाचा दंड धरून सांगत होता, "मी म्हणलं व्हतं का न्हाई? पहिल्या दिवशीच म्हणलं व्हतं!" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी छाती हलकीही झाली. दोन्ही खरं आहे.

त्या हंगामात आठातल्या तीन गाड्या माझ्याकडे राहिल्या. ज्याला त्याला वाटायचं, आपल्याही इंजिनात ह्यानं कच्चं काम केलं असेल. मी कुणाला समजावत बसलो नाही.

भागू त्याच आठवड्यात परत गाडीवर बसला. पंधरा दिवसांनी त्यानं माझ्या दारात गाडी उभी केली, पाणी प्यायला आत आला. चेहऱ्यावर तेज होतं, पोरीची सोयरीक पुन्हा जुळली होती. माझ्यावर त्याचा राग राहिला नव्हता, उलट मायाच होती.

"मिस्त्री, एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका. कामावर आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी पेठला नेली. तिथं एक नवा मिस्त्री आलाय. त्यानं तुमच्या रिंगा काढून टाकल्या आन् नव्या घातल्या. बघा येऊन, आता थेंबभर तेल खात न्हाई."

मी बाहेर आलो. त्यानं इंजिन चालू केलं. मी मागं जाऊन बघितलं, धूर अजिबात नव्हता.

"लई चांगलं काम केलंय," मी म्हणालो.