चटणीचा हात

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात चैत्र लागला की ऊन आधी मिरचीचं, मग माणसाचं. अंगणात, माडीवर, शेजाऱ्याच्या कौलांवर, जिथं म्हणून जागा सापडेल तिथं ब्याडगी आणि संकेश्वरी वाळत पडायची. वर्षाची चटणी बरणीत पडेपर्यंत बायकांच्या जिवाला चैन नसे, आणि तोवर बोळातल्या प्रत्येक दारातून एकच विचारणा व्हायची, आक्का आमच्याकडं कधी येणार?

आक्का म्हणजे बायडाबाई. मिरची कुटून आणायला कोपऱ्यावर डंख, म्हणजे कांडपाची गिरणी, होता, पण कुटलेल्या तिखटात भाजलेला मसाला, कांदा आणि लसूण घालून कोपरापर्यंत हात बुडवून ते सगळं कालवायचं काम आक्काचं. दुसरीनं कालवलं तर आषाढात चटणीला बुरशी धरते, असं बायका शपथेवर सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे, आक्काला ते खरं वाटायचं. बाकीच्या बायका एका पाटीत हात घालून "आगाई गं" करत ताकाच्या गाडग्याकडं पळायच्या. आक्का चार पाट्या कालवून, हात धुऊन, निवांत चहा प्यायला बसायची. "माज्या हाताला मिरची लागत न्हाई," असं ती ठसक्यात म्हणायची, आणि वीस वर्षांत तिचा हात एकदाही चुरचुरला नव्हता.

लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला, तशी ती शिरोळहून माहेरी परतली. आई-बाप आधीच गेलेले. धाकट्या भावाला, आकारामला, तिनं लोकांच्या चटण्या कालवून वाढवलं, उद्यमनगरात लेथवर चिकटवलं, आणि मुलगी बघून त्याचं लग्नही तिनंच लावलं. भावजय शालन गरीब स्वभावाची, खालमानेनं वागणारी. चार वर्षांनी तिला मुलगा झाला तेव्हा आक्का बोळभर साखर वाटत फिरली. बारशाला आत्याच्या मानानं तिनं पाळण्यात वाकून पोराच्या कानात "पिराजी" असं नाव सांगितलं, आणि त्या दिवसापासून पोर आपलंच, अशा थाटात ती वागू लागली. तेल लावणं, न्हाऊ घालणं, घुटी, टीट, सगळं आक्का करणार. शालनकडं फक्त दूध पाजणं उरलं, तेही आक्काला जमण्यासारखं नव्हतं म्हणून.

पिराजी सात महिन्यांचा झाला आणि त्याच्या हिरड्या शिवशिवायला लागल्या. लाळ तर अशी गळायची की दिवसाला सहा लाळेरी पुरत नसत. त्या लाळेनं हनुवटी लाल झाली, मग गळ्याच्या वळ्या, मग दोन्ही गाल. तिथवर काही विशेष नव्हतं, दात येणाऱ्या पोराचं असंच होतं. पण चटणीचे दिवस लागले आणि दुखणं काही ओसरेना. कातडं सोलवटलं, बारीक पुरळ उठलं, आणि तोंडाजवळ कुणाचं बोट गेलं की पोर असं किंचाळायचं की समोरच्या घरातली इमामबी हातातलं काम टाकून दारात यायची.

"काय झालं वं आक्का?"

"दात. दुसरं काय व्हनार?"

आक्कानं कंबर कसली. पहिल्या दिवशी तिनं आंबेहळद उगाळून लावली. दुसऱ्या दिवशी चंदन. मग घरचं लोणी, मग खोबरेल, मग सहाणेवर उगाळलेलं मायफळ. हिरड्यांना टाकणखाराची लाही मधात कालवून ती बोटानं चोळायची, कारण बोटासारखं मऊ दुसरं काय असतं? लाळ गळली की बोटानं टिपायची, लेप सुकला की बोटानंच ओला करायची. कातडं जितकं लाल होई तितकी ती जास्त लावी, आणि जितकं जास्त लावी तितकं ते लाल होई.

मग दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या पोरावरून उतरून चुलीत टाकल्या. मिरच्या जळून ठसका आला नाही की दृष्ट जबर लागली म्हणायची. आता चैत्रातल्या त्या बोळात हवाच मिरचीची, तिथं सात मिरच्यांनी कुणाला ठसका लागणार? पण आक्कानं हुंगून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बघ, ठसका न्हाई. कुनाची तरी लई वंगाळ नदर हाय," ती शालनला म्हणाली. शालननं पोराला छातीशी घट्ट धरलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय लावता? आक्कानं बोटांवर मोजत सगळी यादी सांगितली. डॉक्टर म्हणाले, "काही लावू नका. मऊ फडक्यानं टिपा, कोरडं ठेवा, बास." आक्का बाहेर येऊन पायऱ्यांवरच बरसली. काही लावू नका म्हणायला एवढं शिकावं लागतं होय? घरी येऊन तिनं हात धुतले आणि पुन्हा चंदन लावलं.

आकारामनं एकदा धीर केला. जेवताना ताटाकडं बघतच म्हणाला, "आक्का, तू दिसभर कामानं दमतीस. पोराचं शालनला करू दे की."

"लेका, तुला ह्याच हातानं वाढिवला."

आकारामनं पुढचा घास घेतला. त्या विषयावर त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

अशात शिरोळला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. आक्काचा पाय निघत नव्हता. जाताना तिनं शालनला दहा वेळा बजावलं, हे लाव, ते लाव, विसरू नको. लग्नघरात पाहुणी म्हणून तिला चुलीकडं कुणी फिरकू दिलं नाही. हळद झाली, अक्षता पडल्या, मांडवपरतणीलाही थांबवून घेतलं. आठ दिवस तिच्या जिवाला घोर, की तिकडं पोराचं काय झालं असेल.

एसटीतून उतरून ती जवळजवळ पळतच घरी आली. पिराजी अंगणात गोधडीवर बसून लाकडी रवी चावत होता. आक्कानं त्याला उचललं, तोंड उजेडाकडं केलं, आणि बघतच राहिली. हनुवटी साफ. गाल पिकल्या पेरूसारखे गुळगुळीत. गळ्याच्या वळ्यांत फक्त पुसटसा डाग. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"इमामबी, ए इमामबी! बघ माज्या आंबेहळदीचा गुन! आठ दिसानं का हुईना, पर उतरलंच की न्हाई?"

इमामबी दारात आली, पोराकडं बघितलं, मग शालनकडं बघितलं, आणि "व्हय की" म्हणून आत निघून गेली. शालन चहा ठेवायला उठली. आक्काला आनंदात काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोळातल्या बनाबाईकडं चटणीला गेली. तीन पाट्या होत्या. चार वाजता परतली, साबणानं हात स्वच्छ धुतले, पुसले, आणि पोराला मांडीवर घेतलं. लाळ टिपली. बोट तोंडात घालून हिरडी चाचपली, आणि खाली टोकदार काहीतरी लागलं म्हणून हरखून गेली. "शालन, आगं दात! लागला बघ हाताला!"

एवढं म्हणेपर्यंत पिराजीनं टाहो फोडला. अंग ताठ केलं, मान मागं टाकली, डोळे फिरवले. तासाभरात हनुवटी पुन्हा लालबुंद झाली.

आक्काचा पारा चढला. "काय खाल्लंस तू मी नसताना? वांगं खाल्लंस? आंबट खाल्लंस? दुधातनं उतरतंय त्येच्या अंगावर!"

शालननं पोराला तिच्याकडनं घेतलं. इतक्या वर्षांत ती आक्कासमोर वर मान करून बोलली नव्हती, आणि आता बोलली तेही मान खाली घालूनच.

"मी काय न्हाई खाल्लं, आक्का. तुमी तुमचं बोट तुमच्या डोळ्याला लावून बगा."

"काय?"

"एकदा लावून बगा. पाया पडते."

आक्काला हसू आलं. डोळ्याला हात लावायचा नाही ही चटणी करणारीची पहिली शिस्त. घाम असो, पाणी असो, दंडाला पुसायचं. सकाळी तोंड धुताना थोडं चुणचुणायचं, ते उन्हानं, असं ती म्हणायची. पण आता तर हात धुतलेले होते, साबणाचा वास येत होता. या पोरीची खोड मोडावी म्हणून तिनं बोट डोळ्याच्या कडेला लावलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग निखारा ठेवल्यासारखा डोळा पेटला. एका डोळ्यातनं पाण्याची धार लागली होती आणि दुसऱ्या डोळ्यानं ती आपल्या हाताकडं बघत होती. नखांच्या कोरांत, तळव्याच्या भेगांत वीस वर्षांचं तिखट मुरलं होतं, आणि हाताचं कातडं इतकं निबर झालं होतं की त्याला त्याची खबरच नव्हती. आपल्याला लागत नाही म्हणजे ते नाहीच, असं ती धरून चालली होती.

शालननं ताकात भिजवलेलं फडकं आणून डोळ्यावर ठेवलं.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"म्हैना झाला. तुमी कामाला गेल्यावर मी गुपचूप ताकानं पुसत हुते त्येला. पुसलं की गप व्हायचा."

"मग बोलली न्हाईस?"

"कसं बोलू आक्का? तुमी एवढ्या मायेनं कराय लागलासा."

"आकारामला?"

शालन फडकं पुन्हा ताकात बुडवायला वळली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. इमामबीलाही. सगळ्या घराला, निम्म्या बोळाला ठाऊक होतं, आणि एक महिना ती सगळ्यांच्या देखत त्या पोराच्या सोललेल्या गालाला तिखट चोळत होती. आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शालननं भांडण काढलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर तिला ते सोसलं असतं.

त्या दिवसापासून ती हाताच्या मागं लागली. चिंचेनं घासले, राखेनं घासले, गोडंतेल चोळून घटकाभर उन्हात बसली, ताकात हात बुडवून बसली. प्रत्येक खेपेला डोळ्याला बोट लावून बघायची आणि प्रत्येक खेपेला डोळा पेटायचा. डोळे सुजून फुगले. आकाराम म्हणाला, "आक्का, बास कर की आता." तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

चटणी बंद केली. हंगाम ऐन भरात असताना दोन घरांची बोलावणी परत गेली, तेव्हा बोळात कुजबुज झाली की आक्काला काहीतरी झालंय. बनाबाई स्वतः विचारायला आली. "अंगात कणकण हाय," आक्कानं सांगितलं. घरात ती पोराला हात लावीना. पाळणा हलवायचा तर पायानं दोरी ओढायची. पोर रांगत जवळ आलं की उठून जायची. एवढी धिप्पाड बाई, पण आठ-नऊ महिन्यांच्या पोराला बघून पळायची. शालनला ते बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी डोळ्याला बोट लावलं आणि काही झालं नाही. तिनं दुसरं बोट लावलं. दहाही बोटं लावून बघितली. मग खात्रीसाठी शालनला म्हणाली, "माजं बोट तुज्या डोळ्याला लाव." शालननं लावून घेतलं आणि मान हलवली. काही नाही.

आक्कानं पुन्हा हात धुतले. धुवून कोरडे केले, कोमट व्हावेत म्हणून एकमेकांवर चोळले, आणि पिराजीसमोर गोधडीवर बसली. शालननं त्याला पुढं सरकवला. "घ्या की, आक्का."

आक्कानं हात पुढं केले.

पिराजीनं हातांकडं बघितलं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. मान फिरवली, आईच्या पदरात तोंड खुपसलं, आणि हात अजून वीतभर लांब असतानाच रडायला लागला. किंचाळला नाही, नुसता मुसमुसत रडला, आणि ते जास्तच वाईट होतं. आक्कानं हात मागं घेतले तसा थांबला. पुन्हा पुढं केले तसा पुन्हा रडला.

"इसरंल की वं," शालन घाईघाईनं म्हणाली. "ल्हान हाय. चार दिसात इसरंल."

"व्हय. इसरंल की," आक्का म्हणाली.

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं. मग तोंड वेडंवाकडं करून, जीभ काढून, "भ्भू" केलं. पदराआडून एक डोळा दिसला. तिनं पुन्हा "भ्भू" केलं. पोर वळलं, रांगत तिच्या मांडीपाशी आलं, तिचा गुडघा धरून उभं राहिलं आणि खदखदून हसलं. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढे दोन दात होते. आक्का ते पहिल्यांदाच बघत होती. त्यांच्यावर बोट फिरवावं, हनुवटीवरून गळणारी लाळ टिपावी म्हणून तिचा जीव कासावीस झाला.

पिराजीनं तिचं नाक धरलं, गालाला ओलं तोंड लावलं, तिच्या कानातली कुडी ओढली. त्याला आत्या हवी होती. "शालन," ती न हलता, मान ताठ धरून म्हणाली, "त्येची लाळ पूस गं तेवढी." आणि पाठीमागं हात तसेच घट्ट धरून बसून राहिली.