अनुभव : शून्य

"पुसता येत नाही म्हणजे काय? दगडावर कोरलंय का ते?" सिस्टरने काउंटरवर हात आपटला.

नर्सिंग कौन्सिलचा कारकून सज्जन होता, म्हणून तोच तावडीत सापडला. "सिस्टर, सगळी सर्टिफिकेटं आता ब्लॉकचेनवर गेलीत. एकच नोंद शेकडो मशीनवर असते. मी इथे खाडाखोड केली तर बाकीची मशीनं ती मानणारच नाहीत. म्हणून तर बोगस नर्स पकडल्या गेल्या."

"पकडल्या ते झकास झालं. पण माझ्या नावापुढे त्या माणसाचं आडनाव कशाला?"

"परीक्षा दिलीत तेव्हा तेच होतं ना? खाली नवं नाव जोडून देतो. वरचं मात्र कायम राहणार."

नर्सिंग तिने लग्नानंतर केलं होतं. त्या घरात तिने मार खाल्ला, आणि एक दिवस मुलीला उचलून निघून आली. घटस्फोटानंतर दाराच्या पाटीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडून तिने ते आडनाव हुसकून लावलं. आणि आता हॉस्पिटलने चौकोनी कोडचा नवा बिल्ला दिला होता. कोणीही त्यावर फोन धरावा, की सर्टिफिकेट हजर, आडनावासकट.

पहिला फोन धरला तो पूर्वीच्या नवऱ्यानेच. आईला सलाइन लावायला तो दर आठवड्याला घेऊन येई. "नाव टाकलंस म्हणे? अजून माझ्याच नावावर पोट भरतेस की!" साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल असं तो म्हणाला. खाटेवरची म्हातारी छताकडे बघत राहिली. सून मार खात होती तेव्हा तरी ती कुठे बोलली होती!

"दुसरा काही रस्ता?" सिस्टरने विचारलं.

"एकच," कारकून गमतीने म्हणाला. "पुन्हा परीक्षा द्या. नव्या नावाची नवी नोंद होईल, जुनीशी तिचा संबंध नाही. पण मग अनुभवही गेला. पगार नव्या मुलींचा."

"फॉर्म कुठे मिळतो?"

कारकुनाचं हसू तोंडातच राहिलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" हॉस्पिटलात मेट्रन कडाडली. "एका आडनावापायी सीनियॉरिटी घालवतेस?"

"आडनाव एकच आहे, मेट्रन. पण ते रोज छातीवर लावून फिरावं मला लागतं."

परीक्षेच्या हॉलमध्ये ती शिरली तेव्हा पोरी पर्यवेक्षक समजून उभ्या राहिल्या. "बसा गं, मीही तुमच्यातलीच," असं म्हणून ती मागच्या बाकावर गेली. पास झाली, पण काठावर. पूर्वी याच परीक्षेत ती पहिली आली होती, आणि ते आता कुणालाच दिसणार नव्हतं. निकालाच्या दिवशी ती मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन मुलीला म्हणाली, "चल, बाहेर जेवू. तुझी आई आज फ्रेशर झाली."

पुढच्याच आठवड्यात तो आईला घेऊन आला. नवा बिल्ला दिसताच त्याने सवयीने फोन धरला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. पडद्यावर तिचं माहेरचं नाव होतं, नुसतं तिचं. त्याचा माग कुठेही नव्हता. पण खालची ओळ वाचून त्याला चेव आला.

"अनुभव शून्य! वा! अहो मेट्रन, दुसरं कुणी पाठवा. माझ्या आईला काय शिकाऊ बाईकडून टोचून घ्यायचं?"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघू लागली. सिस्टरच्या कानशिलांची आग झाली. मान मात्र तिने खाली घातली नाही. "तुमच्या घरातली वर्षं मीच सोडलीत," ती म्हणाली. "त्यांच्याबरोबर बाकीचीही गेली. जाऊ देत."

तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. म्हातारीने हळूहळू बाही वर केली आणि हात सिस्टरपुढे धरला.

"तू बाहेर बस रे," ती मुलाकडे न बघता म्हणाली. "टोच गं बाई."

सिस्टरने दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधू लागली. म्हातारीने मूठ आवळली आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.