ठकूबाईंनी पुजलेले वायफायचे डबे

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर उद्यापासून माझ्या पुरणपोळीला चव नको!

आपल्या लक्ष्मीबाई नगरातली श्रावस्ती, कॉम्प्युटर इंजिनिअर. इकडे हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी मंडळाच्या हॉलचं वायफाय तिनेच लावलेलं. भिंतींवर पांढरे डबे, सगळे एकसारखे. पण लॅपटॉपमध्ये तिने त्यांचे गट पाडलेले. लायब्ररीचा गट संध्याकाळी आपोआप झोपायचा, स्टेजचा जागा राहायचा. गटाला हुकूम सोडला की त्यातले सगळे डबे मुकाट ऐकायचे.

खंडेनवमीच्या संध्याकाळी छोट्या अर्पिताचं लेझीम होतं. तिचा बाबा यशवंत फौजेत, तिकडे लेहला. "बाबा लाइव्ह बघणार, प्रॉमिस!" असं श्रावस्ती तिला बोलून बसलेली.

ऑफिसातून धावत येते तर काय, स्टेजवर वायफायचा पत्ता नाही! लॅपटॉप म्हणतो, स्टेजचा गट ठणठणीत. अर्पिता नऊवारी सावरत उभी, डोळे डबडबलेले.

"दीदी, बाबा कहाँ हैं?"

श्रावस्तीने वर पाहिलं. डब्याला हळदकुंकू, त्यावर झेंडूचं फूल!

"ठकूआजी!"

यशवंतची आई ऐटीत पुढे आली. "अगं, आज हत्यारांची पूजा ना? माझ्या लेकाला समोर आणणारं हत्यार हेच! हरिदास माळ्याकडून सगळे उतरवले, एका पाटावर मांडले, पुजले, परत टांगले."

"कुठला कुठे टांगला?"

"आता गं बाई! सगळे सारखेच तर होते!"

म्हणजे लायब्ररीचा डबा स्टेजवर घोरत होता, आणि स्टेजवाला तिकडे पुस्तकांना वायफाय वाटत होता. शिडी लावायला वेळ कुठला? ताशा वाजायलाही लागला. श्रावस्तीला हसूच फुटलं.

"चलो आजी, तुमच्या पाटावर सगळे एकत्र बसले होते ना? तसेच बसवते."

तिने एकूण एक डबा स्टेजच्या गटात ओढला आणि बटण दाबलं. जरा वेळाने स्टेजवरच्या डब्याने डोळा उघडला, हिरवागार. व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर यशवंत!

"आई, पोरगी दिसतेय गं!"

मग काय विचारता! इकडे अर्पिता लेझीम खेळतेय, तिकडे अख्खी पलटण तिच्या ठेक्यावर पावलं टाकतेय. असा दणका, की लेहच्या डोंगरावरचं बर्फ वितळून नदीला पूर आला.

अशा बघू नका गं माझ्याकडे. बरं, बर्फाचं तेवढं मी पदरचं घातलं. पण पलटण नाचली हो!