अर्लीनची सही

मी एक जुने पॅड आहे. परीक्षेत तुम्ही कागदाखाली धरता ना मित्रांनो, तसेच. वर लोखंडी चिमटा. भुसा दाबून मला घडवले, तेव्हापासून स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही.

एकवीस वर्षे मी व्हर्ना ऑस्ट्रँडर चालवायची त्या शाळेच्या बसमध्ये हादरत राहिले. मुलांची हजेरी माझ्यावर असे. मग नदीवरचा पूल खचला आणि पलीकडच्या मुलांना वीस मैलांचा वळसा पडू लागला. काउंटी म्हणजे आमचा जिल्हा; तिचा कारभार पाहणारे तिन्ही कमिशनर शहरातले. त्यांना सगळी काउंटी मिळून निवडायची आणि मते शहरात जास्त. पूल त्यांच्या वाटेवर नव्हताच.

निवृत्त होताच व्हर्नाने कायदा वाचला. एक हजार एकशे चाळीस मतदारांनी सह्या केल्या, तर ‘प्रत्येक भागाने आपापला कमिशनर निवडावा का?’ हा प्रश्न मतपत्रिकेवर घ्यावाच लागतो. तिने अर्ज माझ्या चिमट्यात अडकवला. आम्ही गुरांच्या बाजारात फिरलो, चर्चच्या नाश्त्याला गेलो. एका कुत्र्याने माझा कोपरा चावला.

आधीच्या सह्या काउंटीच्या कचेरीने तपासल्या होत्या. अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी चार वाजता दोन कमी होत्या आणि कचेरी पाचला बंद होणार होती. नदीपलीकडच्या लाइल प्रुइटने आपल्या अंगणात स्वतःची सही केली, खाली बायकोचीही ठोकून दिली. व्हर्नाने ती ओळ खोडली.

“अगं, ती गोठ्यात अडकलीय, गाय वितेय. छत्तीस वर्षांचा संसार आमचा. तिचं मत मला ठाऊक नाही होय?”

“असेल ठाऊक. सही तिची हवी, माझ्यासमोर.”

रिकाम्या रस्त्यावरही नियम म्हणून बस थांबवणारी बाई ही, असे तो पुटपुटला.

गोठ्यात त्याच्या बायकोचा, अर्लीनचा हात कोपरापर्यंत गाईत होता. वीस मिनिटे गेली. माझ्या कडेवर व्हर्नाची बोटे टकटक करत होती. शेवटी वासरू पेंढ्यावर घसरले. अर्लीनने हात पुसले आणि अर्ज वाचायला घेतला, अगदी पहिल्या ओळीपासून. मला धीर धरवेना.

“ही खोडलेली माझी का?”

“लाइलने केली होती.”

“बरं केलंस खोडलीस. शहरातले तिघं माझ्या वतीने ठरवतात, तेवढं पुरे झालं.”

तिच्या अंगठ्याचा तांबडा डाग माझ्यावर अजून आहे. पाचला तीन मिनिटे असताना आम्ही कचेरीत पोहोचलो. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी पद्धत बदलली. नदीपलीकडून पहिला कमिशनर निवडून आला तो लाइल.

त्याला दोन वर्षे झाली. पूल मात्र त्याच्या तोंडी अजूनही ‘पुढच्या वर्षी’ होणार आहे. मी व्हर्नाच्या घरी भिंतीतल्या खिळ्यावर धूळ खात तळमळत होते. आज सकाळी अर्लीन आली. तिने मला काढून पुलाच्या मागणीचा कोरा अर्ज लावला.

“पहिली सही माझी,” ती व्हर्नाला म्हणाली. “लाइलला न्याहारीलाच सांगितलंय.”

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. आपली सही मात्र दुसऱ्याला करू देऊ नका, आणि एकदा केली म्हणून मला खिळ्यावर विसरू नका. चिमटा अजून घट्ट आहे.