एका बटणाचे एकतीस गणपती

महिपती सरांच्या कॉम्प्युटर क्लासच्या पाटीवर 'शाखा : पेण व रोहा' असं लिहिलेलं होतं. रोह्याची शाखा म्हणजे सरांच्या सासुरवाडीच्या ओटीवर ठेवलेला एक बंद मॉनिटर, पण पाटी वाचून तिथवर बघायला जातो कोण? साल एकोणीसशे नव्याण्णव. आख्ख्या आळीत इंटरनेट फक्त सरांकडे, आणि तेवढ्या भांडवलावर सर रस्त्यानं चालतानासुद्धा मान वर करून चालत.

काम मात्र मृणाली करायची. जवळच्या जिते गावाहून रोज यायची, पोरांना शिकवायची आणि उरल्या वेळात वेबपानं लिहायची. दत्तात्रेय शेठच्या गणपती कारखान्याचं पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिनंच लिहिलं होतं. मूर्तींचे फोटो, उंची, रंग, आणि खाली ऑर्डर द्यायचं बटण. बटण दाबलं की आतलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तेवढा तुकडा, चालायचं आणि गिऱ्हाइकाचा नाव-पत्ता ई-मेलनं पेणला यायचा. पानाच्या तळाशी मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'निर्मिती : महिपती सर.'

"सर, खाली माझं पण नाव घालू काय?" तिनं एकदा धीर करून विचारलं होतं.

"अगो, नावाची घाई कसली? आपलं काम बोलायला पायजे," सर म्हणाले. असं म्हणणाऱ्या माणसाचं नाव पाटीवर होतं, भिंतीवर होतं, मॉनिटरच्या कव्हरावर होतं आणि पाण्याच्या माठावरसुद्धा होतं.

मृणालीला ते फार लागलं. पनवेलच्या एका कंपनीत तिनं अर्ज केला होता. त्यांनी कळवलं होतं, तुमच्या नावाचं एखादं पान दाखवा, मग बघू. तिच्याकडे दाखवायला हे एकच पान होतं आणि त्यावर नाव दुसऱ्याचं.

पानात तिनं एक शहाणपण केलं होतं. तेव्हा एक क्लिक पोचायला मिनिट-मिनिट लागायचं, आणि आपल्या माणसाला तेवढा दम कुठला? तो बटण दाबत सुटणार, आणि जितक्यांदा दाबेल तितक्यांदा ऑर्डर जाणार. म्हणून तिनं प्रोग्रॅममध्ये पाच ओळी जादा लिहिल्या. फंक्शन एकदा चाललं की पुढची दोन मिनिटं कितीही दाबा, ते जागचं हलायचं नाही.

शेठना पान दाखवायच्या दिवशी सरांनी ऐटीत बटण दाबलं. ऑर्डर गेली. शेठ म्हणाले, "परत दाखवा की मास्तर." सरांनी परत दाबलं. काही झालं नाही. सरांनी आणखी नऊ वेळा दाबलं, शेवटी माऊस उचलून टेबलावर आपटला, तरी नाही. मृणाली कारण सांगायला लागली तर सरांनी डोळे वटारले. संध्याकाळी त्यांनी तिच्याकडूनच त्या पाच ओळी कुठल्या ते विचारून घेतलं आणि उडवल्या. "गिऱ्हाईक दाबतंय नि आपण नको म्हणायचं? असा धंदा करतात काय गो?" तिनं समजावून पाहिलं. पण शिकायचं ते फक्त खालच्यांनी अशी सरांची ठाम समजूत होती.

त्याच आठवड्यात मृणालीला कावीळ झाली आणि ती महिनाभर जित्याला घरी पडून राहिली.

इकडे अमेरिकेहून ऑर्डरी आल्या. एक नाही, दोन नाही, एकतीस. सरांनी सगळ्या छापल्या आणि गठ्ठा छातीशी धरून चालत कारखान्यात नेला, वाटेत ओळखीच्या प्रत्येक दुकानाशी थांबून. शेठचा कारकून सखा गठ्ठा चाळून म्हणाला, "मास्तर, सगळीकडं नाव एकच हाय. आदेश कदम. पत्ता पण एकच."

"मग? तिकडची घरं बघितलीस काय तू? खोलीखोलीला गणपती बसवत असतील."

सखानं तिकडची घरं बघितली नव्हती. सरांनीही नव्हती, पण त्यांच्या आवाजात खात्री होती आणि सखाच्या नव्हती, त्यामुळे सर खरे ठरले. शेठच्या कारखान्याची रीत अशी, की ऑर्डर आली की गिऱ्हाइकाच्या नावाचा पाट करायचा, त्यावर मूर्ती घडवायची, आणि नावाच्या पाटावर बसलेला गणपती काही झालं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. सुतारानं एकतीस पाट केले. प्रत्येकावर लाल रंगात 'आदेश कदम' आलं. शाडू कमी पडला म्हणून इथल्या नेहमीच्या घरांच्या मूर्ती मागं ठेवल्या. कारखान्याच्या दारात सरांचा सत्कार झाला, नारळ दिला, फोटो काढला.

मग एका सकाळी गागोद्याहून विठू कदम आला. वाल पिकवणारा साधा माणूस. "माझ्या पोरानं अमेरिकेतून एक गणपती सांगितलाय. कुठवर आलाय ते बघू म्हटलं."

सखानं आतलं दार उघडलं. फळ्यांवर एकतीस गणपती ओळीनं बसलेले, कुणाला सोंड नाही, कुणाला कान नाही, आणि प्रत्येकाच्या खाली विठूच्या पोराचं नाव. विठूनं बोटानं एकेक गणपती मोजला. "आमच्यात माणसं चार," तो म्हणाला. "एवढ्यांना मोदक कोण करील?"

शेठनी तिथल्या तिथं चप्पल पायात घातली. विठू, सखा आणि चार कारागीर, अशी वरात क्लासवर येऊन धडकली. मृणाली कावीळ उतरून नुकतीच परत आली होती, पोरांना शिकवत होती.

"मास्तर, त्यानं एक सांगितला, एकतीस आले कुठून?" शेठ ओरडले. "शाडू परत भिजवता येतो. पेणभर लोक हसतील, ते कुठं भिजवू?"

सरांनी पाटीकडे बघितलं, माठाकडे बघितलं, आणि मग त्यांना मृणाली दिसली.

"शेठ, खरं सांगू? ते पान माझं नायच. हिनं केलंय. आख्खं हिनंच. मी हात पण लावला नाय."

मृणालीला आधी संताप आला. "सर, दोन मिनिटं थांबायच्या ओळी मी घातल्या होत्या. तुम्ही काढल्यात त्या."

"कसल्या ओळी? कुठायत? दाखव!" सर गरजले.

नसलेल्या ओळी दाखवायच्या कशा? आणि दाखवल्या तरी इथं त्या वाचणार कोण? तिनं सगळ्यांकडे एकवार बघितलं. मग तिला आतून हसूच आलं. धीर करून मागूनही जे मिळालं नव्हतं, ते सर आत्ता सात-आठ माणसांसमोर फुकट वाटत होते.

"व्हय शेठ," ती म्हणाली, "पान मी केलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सर खरं बोलतायत. मग खाली नाव माझं पायजे, त्यांचं कशाला?"

शेठ घोटाळले. पण हिशेब सरळ होता. "बरोबर हाय. मास्तर, ते नाव काढा तुमचं. उद्या आणखी काय निघालं तर लोक तुम्हाला धरतील."

"तसं नको," सर घाईघाईनं म्हणाले. "दोघांचं ठेवू की."

"चुकीत वाटा घेताय काय मग?" मृणालीनं विचारलं.

सरांनी वाटा घेतला नाही. ते खुर्चीवर बसले, पान उघडलं, आपलं नाव एकेक अक्षर करून खोडलं. शेठ पाठीशी उभे, विठू बाजूला वाकून बघतोय, पोरं बाकांवर चढलेली. सरांनी दोन बोटांनी 'मृणाली' टाइप केलं आणि थांबले. बोटं कीबोर्डावर तशीच राहिली. मान वर न करता, जरा हळू आवाजात, त्यांनी विचारलं,

"आडनाव काय गो तुझं?"