बिनदाराचा ओटा

उंद्रीच्या भागवतला एकदा काही सुचलं की ब्रह्मदेव खाली आला तरी तो ऐकायचा नाही. तो टाइल्सच्या दुकानात कामाला. टाइल्सच्या थप्प्यांखाली येणारे लाकडी पॅलेट मालक जाळायला देई. भागवतनं त्यातले अकरा घरी आणले, खिळे उपटले, फळ्यांना रंधा मारला आणि पुढच्या दाराबाहेर मायसाठी लाकडी ओटा ठोकायला घेतला. मनकर्णाबाई न्हाणीत पडल्यापासून पाच महिने उंबरठ्याबाहेर आल्या नव्हत्या. हाड जुळलं होतं, डॉक्टर चाला म्हणत होते, पण धीरच सुटला होता. हाताला कठडा मिळाला तर माय चालेल, एवढीच भागवतची आशा होती.

रविवारी सकाळपासून कठड्याचं काम चाललं होतं. शेजारचे उद्धवकाका रस्त्यावर खुर्ची टाकून मुकादमकी करत होते.

"इथं फट दिसून राह्यली, टाक अजून एक फळी."

भागवत टाकत गेला. दाराच्या एका बाजूनं निघालेला कठडा ओट्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊन टेकला. शेवटचा खिळा बसला आणि बायकोनं, सुचितानं, अंगणातून हाक मारली, "चहा घ्या, या खाली."

भागवत निघाला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि मधोमध येऊन उभा राहिला.

"काका, उतराची जागा कुठी ठेवली आपण?"

"मले काय इचारतं बे? मिस्तरी तू."

सुचिता कपबशीसकट मटकन खाली बसली. काकांना हसून हसून ठसका लागला. भागवतही कठडा धरून गदागदा हलत होता, आणि कौतुक म्हणजे कठडा हलत नव्हता.

"काय झालं रे? काऊन हासून राह्यले?" आतून मनकर्णाबाईंनी विचारलं. उत्तर द्यायला कुणात दम उरला नव्हता. शेवटी त्याच भिंत धरत आल्या, उंबरठा ओलांडला, कठड्यावर हात ठेवला. प्रकार कळला तसा त्यांनीही तोंडाला पदर लावला. हसता हसता त्या कठड्यावरून हात सरकवत कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या, पुढची बाजू चालल्या, पुन्हा वळल्या आणि दाराच्या दुसऱ्या अंगाला येऊन पोचल्या. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की त्या चालल्या होत्या. भागवतचे डोळे भरून आले.

काकांनी करवत पुढे केली. "घे, मधात दोन हात काप. वाट कर."

"खबरदार कापशीन तं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिथं माहा हात सुटन."

"अन् मानसं कुठून येतीन, माय?"

"मांगून."

भागवतनं करवत घेतलीच नाही. संध्याकाळी गल्लीतल्या सत्यभामाबाई तब्येत विचारायला आल्या आणि कठड्यापाशी अडल्या. मनकर्णाबाईंची सहावी फेरी चालू होती.

"मांगच्या दारानं ये वो," त्या न थांबता म्हणाल्या. "इथं मी चालून राह्यली."